अडतीचा १९९६ सालचा प्रोग्राम नव्या विंडोजवर उघडेना. नेमकं बिघडलं काय?

पंचवटी_गाळा:

नमस्कार. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात आमचा पालेभाजी आणि टोमॅटोचा गाळा आहे. आजोबांनी सुरू केला, आता नाना म्हणजे माझे वडील बघतात. बी.सी.ए. झाल्यापासून तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे.

हिशोबाचा प्रोग्राम १९९६ सालचा. काळा स्क्रीन, वर निळी पट्टी, माउस लागतच नाही. शेतकऱ्याचा नंबर टाकला की नाव-गाव येतं (सगळं रोमन कॅपिटलमध्ये), मग जुड्या, शेकड्याचा भाव, हमाली, तोलाई, एंटर, आणि बाजूच्या डॉट मॅट्रिक्सवर हिशोबपट्टी बाहेर. संध्याकाळी लिलाव उरकले की गाळ्यापुढे रांग लागते. शेतकऱ्याला गावची गाडी पकडायची असते, व्यापाऱ्याचा मुंबईचा ट्रक भरत असतो. नाना स्क्रीनकडे न बघता पट्टी काढतात. बहुतेक शेतकऱ्यांचे नंबर त्यांना पाठ आहेत. नुसत्या नंबरावरून माणूस मखमलाबादचा की म्हसरूळचा ते सांगतात.

मागच्या आठवड्यात जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय जळाला, सोबत मदरबोर्डही गेला. हार्ड डिस्क वाचली. नवा पीसी घेतला, त्यात विंडोज ११ आहे. अख्खं फोल्डर कॉपी केलं, .ईएक्सई वर डबल क्लिक केलं, तर 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढाच संदेश. कंपॅटिबिलिटीत जाऊन विंडोज ९५ निवडून पाहिलं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. तेच.

ज्या काकांनी प्रोग्राम लिहिला ते २०११ मध्ये वारले. आमच्याकडे फक्त .ईएक्सई (प्रोग्राम), .डीबीएफ (डेटा) आणि .एनटीएक्स (इंडेक्स) फाइली आहेत. नवं सॉफ्टवेअर विकणारे येऊन गेले. म्हणाले, जुना डेटा येणार नाही, नावं पहिल्यापासून भरा. सध्या हाताने पट्ट्या लिहितोय, रात्रीचे अकरा वाजतात.

दोन प्रश्न आहेत. एक, सोमवारपर्यंत हे कसं चालू करू? दुसरा माझ्यासाठी त्याहून मोठा आहे. आजोबांच्या हातची १९७४ सालची खतावणी मी आजही उघडून वाचू शकतो. नानांनी विचारलं, "प्रोग्राम तोच, आकडे तेच, फक्त मशीन बदललं. मग बिघडलं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

कॉलेजरोड_सर्व्हिस:

बत्तीस बिटचं विंडोज १० टाका. त्यात डॉसचे (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे) जुने प्रोग्राम चालवणारी एनटीव्हीडीएम नावाची सोय चालू करता येते, प्रोग्राम जसाच्या तसा चालेल. जळालेल्या पीसीवरही बहुधा तेच असणार. फक्त विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट जोडू नका. आणि नव्या पीसीचे बत्तीस बिटचे ड्रायव्हर मिळतीलच असं नाही, आधी तपासा.

नाशिकरोड_क्लिपर:

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. १९९१ ते २००५ मी हेच काम केलं. नाशिकरोडला घराच्या पुढच्या खोलीत एक पीसी, आणि क्लिपर या डॉसवरच्या प्रोग्रामिंग भाषेत प्रोग्राम लिहून द्यायचे: अडतीचे गाळे, रविवार कारंज्यावरचे घाऊक किराणावाले, दोन पतसंस्था, पिंपळगावचं एक शीतगृह. तुमचा प्रोग्राम माझा नाही. पण .एनटीएक्स आहे म्हणजे क्लिपरचाच, आणि लिहिणारे गेले असतील तर त्यांच्या वतीने आमच्यापैकी कोणीतरी उत्तर द्यायलाच हवं.

आधी सोमवारचं. फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा, मगच पुढे. 'डॉसबॉक्स-एक्स' हा डॉसच्या जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम उतरवून घ्या. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला आहे. एक्समध्ये छपाईची सोय आहे. तुमचं फोल्डर त्यात सी ड्राइव्ह म्हणून जोडा, म्हणजे प्रोग्रामला जुनाच पत्ता दिसेल. डेटाचा पत्ता प्रोग्रामच्या आत कोरलेला असण्याची दाट शक्यता आहे, आम्ही बहुतेक जण तसंच करायचो. एका वेळी किती फाइली उघडता येतील ती मर्यादा कॉन्फिगमध्ये वाढवून १२० च्या आसपास न्या. छपाईसाठी एलपीटी१ चं (प्रिंटरच्या पोर्टचं) आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे पाठवा. विंडोजमध्ये तो प्रिंटर 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' म्हणून बसवा. नेहमीच्या ड्रायव्हरमधून पाठवलंत तर एकेका अक्षराचं चित्र काढत बसेल आणि रांग हलणार नाही. दोन खिडक्यांतून एकाच वेळी तोच डेटा मात्र उघडू नका.

आता नानांचा प्रश्न. त्यांना असं सांगा.

प्रोग्राम स्वतः फाइल उघडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या खिडकीवर जाऊन काम सांगतो. डॉसची ती खिडकी म्हणजे इंटरप्ट २१. कामाचा नंबर प्रोसेसरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये (छोट्या खणात) ठेवायचा आणि हाक मारायची. फाइल उघडायला एक नंबर, वाचायला दुसरा, लिहायला तिसरा. काम झालं नाही तर आतून एक आकडा परत येतो. फाइल सापडली नाही तर २, वाट सापडली नाही तर ३, फार फाइली उघड्या असतील तर ४, परवानगी नसेल तर ५. हे आकडे १९८३ च्या डॉस २.० पासूनचे. तुमच्या नव्या विंडोज ११ मध्ये 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे आजही ५ च. मला हे फार मोलाचं वाटतं. मधल्या काळात अख्खी सिस्टिम मुळापासून दोनदा-तीनदा नव्याने लिहिली गेली, पण ५ चा अर्थ कोणी बदलला नाही, कारण त्या ५ वर भरवसा ठेवून कुठेतरी कोणीतरी 'जर ५ आला तर' असं लिहून ठेवलेलं आहे.

४ शी माझी जुनी ओळख आहे. एका गाळ्यावर पाडव्याला वहीपूजन झालं, नव्या वर्षाचा पहिला हिशोब टाकला आणि स्क्रीनवर 'डॉस एरर ४'. मी नव्या वर्षासाठी दोन डीबीएफ आणि त्यांच्या चार इंडेक्स फाइली वाढवल्या होत्या, आणि त्या मशीनवरची मर्यादा वाढवायला विसरले होते. सिस्टिम तिच्या शब्दाला जागली होती, मी माझ्या नव्हते.

मग बिघडलं काय? १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये इंटेलने एक सोय ठेवली होती. मोठ्या सिस्टिमच्या पोटात जुनं छोटं ८०८६ मशीन आहे, असा देखावा उभा करता यायचा. बत्तीस बिटच्या विंडोजमधलं एनटीव्हीडीएम त्यावर उभं होतं. तुमचा प्रोग्राम इंटरप्ट २१ ची हाक मारायचा, ते ती मधेच झेलायचं, खऱ्या विंडोजकडून फाइल उघडून घ्यायचं आणि उत्तर डॉसच्या भाषेत परत द्यायचं. प्रोग्रामला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण १९९६ मध्येच आहोत. चौसष्ट बिटची रचना २००३ मध्ये बाजारात आली, आणि प्रोसेसर त्या पद्धतीत चालू असताना ही सोय मिळत नाही. सोय नाही तर तिची सॉफ्टवेअरने नक्कल करता आली असती. अल्फा आणि मिप्स प्रोसेसरांवरच्या विंडोज एनटीत मायक्रोसॉफ्टने ती केलीही होती. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये केली नाही. बत्तीस बिटचं विंडोज मिळत होतं तोवर चालून गेलं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं ते फक्त चौसष्ट बिटचं. म्हणून तुमचा प्रोग्राम दारातच अडवला जातो. त्याची हाक ऐकणारं आत कोणी उरलेलं नाही.

प्रोग्राम बिघडलेला नाही, हे नानांना नक्की सांगा. त्याच्यातला एक बिटही हललेला नाही.

याच विंडोजने बत्तीस बिटच्या प्रोग्रामसाठी मात्र केवढे कष्ट घेतलेत बघा. तुमच्या सी ड्राइव्हवर 'सिस्टम३२' नावाचं फोल्डर आहे, त्यात चौसष्ट बिटच्या फाइली असतात. बत्तीस बिटच्या फाइली असतात 'सिसवॉव६४' मध्ये. नावं उलटी वाटतात ना? कारण असंख्य प्रोग्रामांत 'सिस्टम३२' हा शब्द कोरून ठेवलेला होता. ते चौसष्ट बिटसाठी पुन्हा कंपाइल झाले तरी तो शब्द कोणी बदलणार नव्हतं. म्हणून फोल्डरचं नाव तेच ठेवलं, आणि बत्तीस बिटचा जुना प्रोग्राम 'सिस्टम३२' म्हणाला की त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन सोडतात. विंडोज ९५ तर जुन्या सोळा बिटच्या प्रोग्रामांना आपली आवृत्ती ४.० नव्हे, ३.९५ सांगायचं. '३.१ किंवा पुढची' हे तपासताना कित्येकांनी दशांशानंतरचा आकडा वेगळा तपासला होता, ४.० मधलं शून्य त्यांना कमी वाटलं असतं आणि प्रोग्राम बंद पडले असते. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्यांची होती. ती पोटात घातली सिस्टिम लिहिणाऱ्यांनी.

अशी चूक मीही केलेली आहे. १९९४ मध्ये एका गाळ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा कॉम१ या सिरियल पोर्टला जोडून दिला. काट्याला 'वजन दे' म्हणायचं आणि उत्तर यायला थोडा वेळ द्यायचा. 'उत्तर आलं का' हे विचारायची रीतसर सोय होती. मी ती वापरली नाही. एक रिकामा लूप तीस हजार वेळा फिरवला. ३८६ वर तेवढा वेळ भरपूर होता. तीन वर्षांनी त्यांनी पेंटियम घेतला. लूप डोळ्याचं पातं लवायच्या आत संपू लागला, काट्याचं उत्तर यायच्या आधी प्रोग्राम वाचून मोकळा व्हायचा, आणि टोमॅटोच्या क्रेटचं वजन शून्य. एका शेतकऱ्याच्या पट्टीत दोन क्रेट शून्य किलोने गेले. मालकांनी ते पैसे नंतर दिले, पण तो माणूस पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत होता तो चेहरा मी विसरलेले नाही. प्रोसेसर इतकाच वेगवान असेल असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी ते धरून चालले होते.

वापरणारा नेहमी न दिलेल्या वचनावरही विसंबतो. सिस्टिम लिहिणाऱ्याचं खरं कठीण काम हेच आहे. कागदावर लिहिलेले नियम पाळणं सोपं. लोक कशाकशावर विसंबलेत हे त्याला माहीतही नसतं. सिमसिटी हा खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. विंडोज ३.१ वर ते खपून गेलं होतं. विंडोज ९५ मध्ये ती मेमरी लगेच दुसऱ्या कामाला जाऊ लागली आणि खेळ कोसळायला लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच तरतूद केली: सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. घरी खेळ विकत घेऊन आलेल्या माणसाच्या दृष्टीने खेळ कालपर्यंत चालत होता आणि नव्या विंडोजने मोडला, एवढंच खरं. माझ्या काट्याच्या बाबतीत असं कोणी मागे उभं नव्हतं.

सातपूर_एम्बेडेड:

ताई, वाचून छान वाटलं. पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो. मी द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारे डबे बनवतो, आत लिनक्स.

लिनक्समध्ये नियम सरळ आहे: कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलल्याने चालता प्रोग्राम मोडला तर चूक कर्नलची. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिडिओसाठीच्या एका कॉलमधून (कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलला मारलेली हाक) परत येणारा एररचा आकडा बदलला आणि आवाजाचे प्रोग्राम बिघडले. बदल करणाऱ्याने प्रोग्रामांकडे बोट दाखवलं, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने जाहीर मेलमध्ये फार कडक शब्दांत सुनावलं होतं. एक आकडा, ताई. तुमच्या ५ सारखाच.

पण हे वचन फक्त कर्नल आणि प्रोग्राम यांच्यामधल्या खिडकीपुरतं आहे. कर्नलच्या आत ड्रायव्हरसाठी असलेले इंटरफेस हवे तेव्हा बदलतात, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. माझा सेन्सरचा एक ड्रायव्हर कर्नलच्या अधिकृत सोर्सबाहेर होता, दर मोठ्या आवृत्तीला मोडायचा. वर सी लायब्ररीचं वचन तिसरंच. २०१० मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीने मेमरी कॉपी करणारं फंक्शन वेगवान केलं आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला, कारण त्यात एकमेकांवर चढलेले भाग त्याच फंक्शनने कॉपी केले जात होते, जे नियमात बसत नव्हतं. पुढे २.१४ आवृत्तीत त्यांनी त्या फंक्शनचा नवा नंबर काढला: जुन्या बायनरीला जुनी सुरक्षित वागणूक, नव्याने कंपाइल केलेल्याला नवी. तेव्हा 'सिस्टिमने वचन पाळलं का' हे विचारताना कोणत्या मजल्याचं वचन, हे आधी विचारावं लागतं.

आणि जुनं सांभाळायला खर्च येतो. ज्या एनटीव्हीडीएमबद्दल तुम्ही एवढ्या मायेने लिहिलंत, त्यातच जानेवारी २०१० मध्ये एक भोक जाहीर झालं. साधा वापरकर्ता त्यातून अख्ख्या मशीनचा ताबा घेऊ शकत होता. ते १९९३ च्या एनटी ३.१ पासून होतं. सतरा वर्षं! बहुतेकांनी आयुष्यात एकदाही डॉसचा प्रोग्राम चालवला नसेल, तरी भोक सगळ्यांच्या बत्तीस बिटच्या विंडोजमध्ये. ॲपलने २०१९ मध्ये कॅटालिनात बत्तीस बिटचे प्रोग्राम सरळ बंद केले, आधी सूचना देऊन. लोक चिडले, पण तेवढा कोड कायमचा सांभाळायचं त्यांचं ओझं गेलं.

ज्यांना स्वतःचा इंटरफेस बनवायचाय त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र मी मनापासून सांगेन. लिनक्सचा 'ओपन' हा कॉल अनोळखी फ्लॅग (सोबत दिलेल्या सूचनेचा बिट) आला तर ओरडत नाही, दुर्लक्ष करतो. त्यामुळे नवा फ्लॅग द्यायचा म्हटलं की पंचाईत: कोणी आधीपासून तो बिट चुकून भरत असेल तर त्याचा प्रोग्राम उद्या वेगळाच वागेल, आणि जुना कर्नल नवा फ्लॅग मुकाट गिळून टाकेल. अर्जातली 'कार्यालयीन उपयोगासाठी' ही रिकामी चौकट लोक वर्षानुवर्षं काहीबाही लिहून भरत होते आणि खिडकीवरचा माणूस ते तसंच घेत होता, तर ती चौकट पुढे खऱ्या कामाला कशी वापरणार? शेवटी २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत 'ओपनॲट२' हा वेगळा कॉल काढावा लागला, जो अनोळखी फ्लॅग दिसला की अर्ज परत करतो. जुना 'ओपन' आहे तिथेच आहे.

माझी खरी काळजी १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, आपल्या वेळेने. १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटमध्ये मोजणारं घड्याळ पुढच्या सेकंदाला उलटून १९०१ मध्ये जाईल. कर्नलने जुने कॉल न हलवता शेजारी चौसष्ट बिटचे नवे दिले, ५.६ पर्यंत ते काम झालं. पण मी २०१७ मध्ये बसवलेल्या डब्यांत जुनंच आहे, आणि शीतगृहवाला चालतं यंत्र बदलत नाही.

नाशिकरोड_क्लिपर:

भोकाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते सांगितलंत हे बरं केलं. जुनं सांभाळायचं म्हणजे कर्नलच्या पोटातच सांभाळायचं असं माझं म्हणणं नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये तोच देखावा आहे, पण तो एका साध्या प्रोग्रामच्या आत. कर्नलमधलं त्याला काही मोकळं ठेवावं लागत नाही. ज्याला हवं तो बसवतो, बाकीच्यांच्या मशीनला त्याचा धोका नाही. एनटीव्हीडीएम काढलं याचा मला राग नाही.

राग याचा आहे की काढताना गाळ्यावरच्या माणसाला 'हे ॲप चालू शकत नाही' एवढंच सांगितलं गेलं. 'हा डॉसचा प्रोग्राम आहे, तो अमुक ठिकाणी चालेल' एवढी एक ओळ त्या चौकटीत मावली असती. सूचना देऊन बंद करणं हे ज्याच्याकडे सोर्स (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) आहे, जो उद्या पुन्हा कंपाइल करू शकतो, त्याच्यासाठी ठीक. नानांच्या प्रोग्रामची सूचना कोणाला देणार? लिहिणारा माणूसच राहिला नाही. इंटरफेस बदलणारा जिवंत आहे, पगार घेतो, टेबलाशी बसलेला आहे. ओझं त्याच्याकडे असावं, रांगेतल्या शेतकऱ्याकडे नाही. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

२०१७ च्या डब्यांची यादी आहे का तुमच्याकडे? नसेल तर आजच करा. मी १९९९ मध्ये माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढून प्रत्येकाकडे जाऊन दोन आकडी साल सुधारून आले होते. यादी होती म्हणून जमलं.

सिन्नर_पतसंस्था:

'जुना डेटा येणार नाही' हे तुम्हाला सांगितलं ते बरोबर नाही. .डीबीएफ ही अगदी उघडी फाइल आहे. सुरुवातीला कॉलमांची नावं आणि रुंदी, पुढे ठरावीक रुंदीच्या ओळी. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडते. कोणीही तासाभरात नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊ शकतं.

आमच्याकडे काम अवघड होतं. सभासदांची नावं मराठीत, सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाकलेली. ते कार्ड मशीनमध्ये खुपसायची आयएसए खाच नव्या मदरबोर्डांवरून गेली आणि डीबीएफमधली नावं वाचताच येईनात. पण आतला मजकूर इस्की या भारतीय प्रमाणात होता, आणि युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्याच क्रमावर बेतलेला आहे. बदलून घेणारा प्रोग्राम छोटासाच झाला. ज्यांनी तो क्रम जपला त्यांचे आभार.

एकच गोष्ट तीन महिने छळत होती. 'बऱ्हाटे' शोधलं की काही बऱ्हाटे मिळायचे, काही नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. शेवटी कळलं की आपला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. दुसरी पद्धत युनिकोड २.० शी सुसंगत राहावं म्हणून ठेवलेली आहे. एकही काढता येत नाही, दोन्हींत लिहिलेला मजकूर जगात पडलेला आहे. शोधताना दोन्ही एकाच रूपात आणून घ्या. तुमची नावं रोमनमध्ये आहेत म्हणून आज अडणार नाही, पण पुढे मराठी पट्टी काढायची झाली तर लक्षात ठेवा. शेतकऱ्यांचा गाळा आहे. 'शेतकऱ्या'तच तो ऱ आहे.

पंचवटी_गाळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारचं सांगतो.

रविवारी रात्री डॉसबॉक्स-एक्स बसवला, फोल्डर सी म्हणून जोडलं, आणि निळी पट्टी आली. नानांना हाक मारली. ते उभ्या उभ्याच एक नंबर टाकून बघायला लागले. नाव बरोबर आलं तेव्हा खुर्ची ओढून बसले.

सोमवारी पहिल्या काही पट्ट्या मोठ्या अक्षरात आल्या आणि उजवीकडची निव्वळ रक्कम कागदाबाहेर गेली. मी घाईत नेहमीचा ड्रायव्हर ठेवला होता. आउटपुटची फाइल उघडून पाहिली तर प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला १५ नंबरचं एक न दिसणारं अक्षर आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे फाइल थेट प्रिंटरकडे पाठवली आणि अक्षरं बारीक झाली. म्हणजे प्रिंटरलाही १५ चा अर्थ अजून माहीत आहे! साडेआठला गाळा आवरला. नानांना इंटरप्ट २१ ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, म्हणजे खिडकी तीच पाहिजे, आत बसणारा माणूस कोणी का असेना.

लिबरऑफिसमध्ये सगळ्या डीबीएफ उघडून एक वेगळी प्रतही काढून ठेवली.

आणि एक सापडलं. जुन्या पीसीच्या टेबलाच्या खणात, रबर बँड लावलेल्या पट्ट्यांच्या खाली, एक साडेतीन इंची फ्लॉपी. लेबलवर काकांच्या अक्षरात 'सोर्स, १२/९९'. माझ्याकडे ड्राइव्ह नाही. यातून काही निघेल का?

नाशिकरोड_क्लिपर:

१५ म्हणजे बारीक अक्षर हा एप्सनच्या जुन्या प्रिंटरांचा संकेत. पुढे बाकीच्या डॉट मॅट्रिक्सवाल्यांनीही तोच उचलला. माझ्या प्रत्येक प्रोग्रामच्या पट्टीत तो असायचा.

फ्लॉपीबद्दल: ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. उन्हात, स्पीकरजवळ ठेवू नका. माझ्याकडे दोन चालते ड्राइव्ह आहेत. आधी फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढू, मग त्या प्रतिमेवरच काम करू. १२/९९ म्हणजे दोन आकडी सालाची दुरुस्ती करून झाल्यानंतरचा सोर्स असणार, हे फार चांगलं आहे. .पीआरजी (क्लिपरच्या सोर्सच्या) फाइली निघाल्या तर हार्बर नावाचा मुक्त कंपाइलर आहे, तो क्लिपरचा सोर्स घेऊन आजच्या चौसष्ट बिटचा प्रोग्राम बनवतो. थोडी डागडुजी लागेल, ती मी करीन.

शनिवारी दुपारी लिलावाच्या आधी येऊ शकलात तर नानांनाही घेऊन या. काकांनी कोणत्या एफ-कीला काय ठेवलं होतं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचंय.